कॉलेजचं दार स्वयंपाकघरातून उघडतं

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या संविधान दिनाला एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या कॉलेजचं नाही. पहिल्या मजल्यावर छान नवी पाटी दिसली, ‘समान संधी कक्ष’. दाराला कुलूप. खिडकीतून डोकावलो तर आत कॅरमचे बोर्ड आणि गेल्या स्नेहसंमेलनाची कमान. प्राचार्य भला माणूस, लपवाछपवी न करता म्हणाले, “सर, नॅकची समिती येते तेव्हा उघडतो.”

भाषण झालं, टाळ्या झाल्या, हार-नारळ झाला. सगळे पांगल्यावर एक मुलगा घुटमळत थांबला. पहिलं वर्ष. गाव तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणाला, “सर, ॲडमिशन मिळालंय. फी पण माफ आहे. पण हॉस्टेलला नंबर नाही लागला. मित्राच्या खोलीवर राहतोय. मेसचे पैसे परवडत नाहीत, एक वेळ वडापाव खातो. दिवाळीला घरी गेलो होतो, तेव्हाच परत यावंसं वाटत नव्हतं.”

आता कागदोपत्री बघा. हा मुलगा त्या कॉलेजच्या विविधतेच्या आकड्यात मोजला गेलेला आहे. मार्चपर्यंत तो टिकला नाही, तरी त्या आकड्याला काही धक्का लागणार नाही.

हल्ली डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन हे तीन शब्द फार ऐकू येतात. काहींना वाटतं हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे, काहींना वाटतं हा फार पुरोगामी नवा विचार आहे. मला दोन्ही पटत नाही. शब्द नवे असतील, पण हा प्रश्न आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तरही आपल्याच माणसांनी शोधलं होतं. ते उत्तर वर्गात सापडलं नव्हतं. ते सापडलं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. म्हणून आज तो इतिहास सांगतो.

सुरुवात धारवाडपासून करू. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८५६ च्या जूनमध्ये महार समाजातल्या एका मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारकडे गेलं. मुलाचं म्हणणं तत्त्वाने बरोबर, हे सरकारलाही दिसत होतं. पण या एकाला घेतलं आणि बाकीच्यांनी शाळा सोडली तर काय, असा हिशेब करून सरकारने अंग काढून घेतलं. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये धोरण ठरलं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत.

म्हणजे कागदावर दार उघडलं १८५८ ला. मग झालं काय? १८८१-८२ ची मुंबई इलाख्याची आकडेवारी बाबासाहेबांनी पुढे सायमन आयोगापुढच्या निवेदनात दिली आहे. त्यात खालच्या मानलेल्या जातींसमोर कॉलेजच्या रकान्यात आकडा आहे शून्य. दार उघडून जवळपास पाव शतक झालं होतं आणि आत एकही माणूस नव्हता.

नेमका त्याच सुमारास, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिष्यवृत्त्या अशा द्या की ज्या समाजांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्या वाट्याला त्या येतील. बघा, ‘सर्वांना सारखं’ एवढ्यावर फुले थांबत नाहीत. पैसा कोणाचा आणि जातो कुठे, हे ते विचारतात. समता आणि समानता यांतला फरक आज पॉवरपॉइंटवर कुंपणामागे उभ्या तीन मुलांचं चित्र दाखवून समजावतात. फुल्यांनी तो सरकारी महसुलाच्या हिशेबातून समजावला होता.

त्यानंतर कोल्हापूर. शाहू महाराजांचा १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. २६ जुलैला आपण पोस्टही टाकतो. पण तो नोकऱ्यांचा हुकूम होता, आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ मध्ये, महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं होतं, ही गोष्ट आपण विसरतो. जागा राखून ठेवायच्या तर त्या भरायला शिकलेली मुलं हवीत. मुलं शिकायची तर खेड्यातून कोल्हापुरात येऊन राहायला हवीत. आणि राहायचं तर भाकरी कोण देणार? शहरात नातेवाईक असलेल्या, वार लावून जेवू शकणाऱ्या मुलांची सोय आधीपासून होती. बाकीच्यांना खोलीही मिळत नव्हती आणि पंगतही.

मग एकामागून एक बोर्डिंग निघालं. जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, सोनार, सारस्वत, ख्रिस्ती. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी जागा दिल्या, अनुदानं दिली आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवला. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही.

इथे आजचा वाचक लगेच विचारतो, “पण ही तर जातवार वसतिगृहं! याने जाती पक्क्याच झाल्या ना?” प्रश्न रास्त आहे. तो टाळायचा नाही. त्या काळातच एका विद्यार्थ्याने तो स्वतःच्या अंगावर घेतला होता.

त्या विद्यार्थ्याचं नाव भाऊराव पाटील. कुंभोजचा हा मुलगा कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, आणि परत आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून अंघोळ कर असं सांगितलं तर त्याने साफ नकार दिला. त्याला वसतिगृहातून काढलं गेलं. त्यांच्या चरित्रांत हा प्रसंग येतो. म्हणजे बहुजन समाजाला वर आणण्यासाठी निघालेल्या वसतिगृहातही सोवळं होतं, आणि ज्याने ते मोडलं त्याचंच अंथरूण बाहेर आलं.

यावरून शाहू महाराज चुकले असं मी म्हणणार नाही. ज्या काळात एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हतं, त्या काळात प्रत्येकाला निदान एक पंगत मिळवून देणं ही पहिली पायरी होती. पण भाऊरावांनी दुसरी पायरी ओळखली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचं वसतिगृह सुरू झालं. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, ब्राह्मण, सगळी पोरं एकत्र राहणार, आळीपाळीने स्वयंपाक करणार आणि एकत्र जेवणार. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं. ज्या राजाने वेगवेगळी वसतिगृहं काढली त्याचंच नाव एकत्र वसतिगृहाला. यात मला विसंगती दिसत नाही. भाऊरावांनाही दिसली नसावी.

हे एकत्र जेवण फुकट नव्हतं. लक्ष्मीबाई पाटील सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांनी आधी स्वतःचं सोवळं सोडलं. मग मुलांच्या धान्यासाठी एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं पहिलं कॉलेज, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, निघालं १९४७ मध्ये, त्यांच्या पश्चात सतरा वर्षांनी. ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीत. मुलं शेतात राबायची, बांधकामावर जायची आणि वर्गात बसायची. आज मोठाल्या विद्यापीठांत समावेशनाचं बजेट ठरतं तेव्हा मला ते मंगळसूत्र आठवतं. भावनिक होऊन सांगत नाही. त्या काळी या कामाचं बजेट खरोखरच एवढंच होतं.

आता मुंबईची एक गोष्ट. १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स बघून आलेला माणूस. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला गर्दी करायचे. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. एक योगायोग सांगतो. हे कॉलेज ज्यांच्या नावाचं ते लॉर्ड सिडनहॅम म्हणजे मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क. आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगला जिचं नाव दिलं ती मिस क्लार्क त्यांचीच मुलगी. मुलीच्या नावाच्या बोर्डिंगमध्ये जो प्रश्न होता, तोच दहा वर्षांनी बापाच्या नावाच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये उभा होता. नेमणूक झाली होती, पगार चालू होता, पाटीवर नाव होतं. माठ मात्र वेगळा.

हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने स्वतः संस्था काढली तेव्हा काय केलं, हे बघण्यासारखं आहे. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढलं. कॉलेज निघायला अजून वीस वर्षं होती, पण वसतिगृह आधी. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथे सकाळचे वर्ग होते, म्हणजे दिवसा कारकुनी करणारा, गिरणीत किंवा गोदीत राबणारा मुलगाही शिकू शकेल. वेळापत्रक बदलणं दिसायला किती साधं! पण ज्याला दहा वाजता कामावर हजर व्हायचंय, त्याच्यासाठी अकराचा वर्ग म्हणजे बंद दारच.

१९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मोकळा होऊन दोनच वर्षं झाली होती. तोवर पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागायचं. म्हणजे गरीब घरच्या मुलाने गाठायचंच नाही. बाबासाहेबांनी मुंबई-पुणे सोडून हा भाग निवडला. कॉलेज सर्वांसाठी खुलं, प्राध्यापक वेगवेगळ्या जातींचे. प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः दलित नव्हते. भोवती वसतिगृहं. परिसराचं नाव नागसेनवन.

नावही विचार करून दिलेलं आहे. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन म्हणजे त्याला उत्तरं देणारा भिक्खू. राजा आणि भिक्खू समोरासमोर बसून वाद घालतात, आणि तिथे निकाल लागतो तो मुद्द्यावर. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारायची मुभाच नव्हती, त्यांच्या कॉलेजला हे नाव दिलं गेलं.

त्याचं फळ काय? गंगाधर पानतावणे याच कॉलेजात शिकवत होते. त्यांचं ‘अस्मितादर्श’ नियतकालिक इथल्याच वातावरणात वाढलं आणि त्याने दलित साहित्याच्या पिढ्या उभ्या केल्या. मराठी साहित्याचा नकाशा बदलला. मुलांना भाकरी, खोली, ग्रंथालय आणि बोलायची मोकळीक एकत्र मिळाली की काय होतं, त्याचा हा पुरावा आहे. नुसतं ॲडमिशन दिलं असतं तर हे झालं असतं का?

त्याच शहरातला दुसरा धडाही सांगायलाच हवा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. वर्गात दलित मुलगा चालत होता, कमानीवर त्यांच्या नेत्याचं नाव चालत नव्हतं. समावेश म्हणजे कोणी आत आलं एवढंच नाही. ही जागा त्यांचीही आहे हे बाकीच्यांनी मान्य करणं, हा त्यातला अवघड भाग. त्याची किंमत गावोगावच्या माणसांनी घरं आणि जीव देऊन मोजली.

आता आजच्या काळात येऊ. कायदे झाले, नियम झाले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) हे कलम आलं आणि शिक्षणातल्या विशेष तरतुदींना घटनेचा आधार मिळाला. २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. देशातली सगळ्यात हुशार मुलं जिथे जातात, तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना हॉस्टेलमध्ये, मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर वेगळं पाडलं जातं, असं त्यात नोंदवलं आहे. नीट वाचा, पुन्हा हॉस्टेल आणि मेसच. शाहू महाराजांना १९०१ मध्ये जिथे काम करावंसं वाटलं तीच जागा.

२०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. ती कुलपातली खोली याच नियमातून आलेली आहे. २०१९ मध्ये दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. रोहित वेमुलाच्या आणि डॉ. पायल तडवीच्या. हे नियम पाळले जात नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. रोहित आणि त्याच्या साथीदारांना हॉस्टेलमधून काढलं होतं आणि ते कॅम्पसवर तंबूत झोपत होते, हे आठवतंय ना? भाऊरावांना वसतिगृहातून काढल्यावर शाहू महाराजांनी आश्रय दिला होता. रोहितच्या वेळी तसं कोणी उभं राहिलं नाही.

आपल्या राज्यात स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी. कल्पना उत्तम आहे, थेट शाहू-भाऊरावांच्या वाटेवरची. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. जेवणाचे महिन्याला पडतात २,६६६ आणि खोलीचे १,६६६. पुण्यात खाणावळीचा आणि कॉट बेसिसचा दर ज्याला माहीत आहे त्याने पुढचं गणित स्वतः करावं. शिवाय पैसे आज भुकेला हवेत आणि जमा होतात परीक्षेनंतर, अशा तक्रारी मुलं दरवर्षी करतात. भूक काही थकबाकीत भागत नाही.

“मग मेरिटचं काय?” हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून इथेच उत्तर देतो. दोन वेळ जेवलेल्या आणि एक वेळ वडापाव खाल्लेल्या मुलाला एकाच पेपरला बसवून जे मोजता, त्यात गुणवत्ता किती आणि जेवण किती, हे आधी वेगळं करून दाखवा. मग बोलू.

मला एवढंच म्हणायचंय. तुमच्या गावातल्या, शहरातल्या कॉलेजबद्दल अभिमान वाटत असेल तर पुढच्या वेळी ‘आमच्याकडे किती टक्के’ हे विचारू नका. हे विचारा:

ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी मार्चला किती उरले? गेले ते कोण होते?
हॉस्टेलच्या जागा किती, अर्ज किती?
मेसमध्ये कोण कोणाबरोबर बसतं?
मुलींच्या हॉस्टेलचं दार आधी बंद होतं की ग्रंथालयाचं?
व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर का?
शिष्यवृत्ती अडकली तर मुलाने कोणाकडे जायचं, आणि तो माणूस खोलीत बसलेला असतो का?

या प्रश्नांची उत्तरं वार्षिक अहवालात नसतात. ती हॉस्टेलच्या रेक्टरला आणि मेसवाल्या काकूंना माहीत असतात.

त्या मुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापकांनी आणि मी मिळून त्याच्या जूनपर्यंतच्या मेसची सोय केली. पण हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. खरं तर मला त्याची लाज वाटते. कारण हा उपकार झाला, हक्क नाही झाला. त्याच्यासारखे त्या वर्गात अजून किती आहेत हे त्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नाही, कारण तसं मोजायची पद्धतच नाही.

निघताना प्राचार्यांना एक विनंती करून आलो. त्या कक्षातले कॅरम बोर्ड बाहेर काढा, एक टेबल टाका आणि आठवड्यातून दोन दिवस कोणीतरी तिथे बसा. ते हो म्हणाले. फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे. कुलूप आहे की नाही, ते इथेच लिहीन.

तुमच्या कॉलेजातला अनुभव कमेंटमध्ये जरूर सांगा, चांगला असेल तरीही. पटलं तर शेअर करा, परवानगीची गरज नाही.